वाचा हरपलेल्या घराची सोबत



संत मार्क आपल्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात एका माणसाची हकिगत सांगतात. तो बहिरा होता आणि त्याला धड बोलता येत नव्हते. मूळ ग्रीक भाषेत मार्कने त्याच्यासाठी 'मोगिलालोस' असा शब्द वापरला आहे. त्याचा अर्थ मोठ्या कष्टाने बोलणारा. अख्ख्या नव्या करारात हा शब्द या एकाच ठिकाणी येतो. म्हणजे तो माणूस अगदीच मुका नव्हता. तोंडातून काहीतरी निघत होते, पण ऐकणाऱ्याला त्याचा उलगडा होत नव्हता. असा माणूस जवळ असला की त्याच्या घरच्यांची काय अवस्था होते, हे ज्यांनी भोगले आहे त्यांनाच ठाऊक.

हा माणूस येशूकडे आपणहून आला नाही. त्याला लोकांनी आणले. कोणी आणले? मार्क नाव देत नाहीत. भाऊ असतील, शेजारी असतील, कदाचित बायको गर्दीत मागे उभी असेल. येशूने त्याच्यावर हात ठेवावा अशी विनवणी त्यांनीच केली, कारण त्याला ती करता येत नव्हती. आजचे हे चार शब्द त्या आणणाऱ्यांसाठी आहेत.

आपल्या पेण-रोह्याच्या परिसरात लकवा झालेला माणूस नाही असे गाव सापडणे कठीण. हात गेला, पाय गेला, तोंड वाकडे झाले, हे आपण ओळखतो. पण त्याच झटक्यात पुष्कळांची भाषाही जाते, याकडे आपले लक्ष उशिरा जाते. डॉक्टर त्याला 'अफेजिया' म्हणतात, मराठीत 'वाचाघात' असा शब्द आहे. लकवा झालेल्या साधारण दर तिघांपैकी एकाला तो कमी-अधिक प्रमाणात होतो. बहुतेकांच्या मेंदूत भाषेचे काम डाव्या बाजूला चालते आणि उजव्या हातापायाची सूत्रेही त्याच बाजूला असतात. म्हणून उजवी बाजू लुळी पडलेल्या माणसाचे शब्दही बऱ्याचदा जातात. स्तोत्र १३७ मध्ये बाबेलात नेलेला भक्त शपथ घेतो, की यरुशलेमला विसरलो तर माझा उजवा हात निकामी होवो आणि जीभ टाळूला चिकटो. तो काही वैद्य नव्हता. तरी उजवा हात आणि जीभ ही जोडी त्याने एकत्र घातली, याचे मला नेहमी नवल वाटते.

वाचाघात म्हणजे घशाचा किंवा कानाचा आजार नव्हे. बुद्धीही गेलेली नसते. त्या माणसाला सून कोण, नातू कोण, आज घरात भांडण का झाले, हे सगळे कळत असते. मनात विचार असतो, पण त्याला शब्द सापडत नाही. 'पाणी' म्हणायचे असते आणि तोंडून 'गाडी' निघते. काहींना फार थोडे शब्द येतात. काही भराभर बोलतात, पण त्या बोलण्याला अर्थ नसतो आणि ते त्यांच्या स्वतःच्या लक्षात येत नाही. काहींना समोरच्याचे लांब वाक्य समजत नाही. बायकोला बहिणीच्या नावाने हाक जाते. ज्या बाईने तीस वर्षे संसार केला तिच्या काळजाला ते किती लागते! पण ती चूक मेंदूच्या वाटेवरची आहे, मनातली नाही, हे तिला कोणीतरी सांगायला हवे.

बायबलमध्ये वाचा गेलेला आणखी एक जण आहे, योहान बाप्तिस्त्याचा बाप जखऱ्या. मंदिरातून बाहेर आला तो खुणा करीत. मूल जन्मल्यावर नातेवाईक नावावरून वाद घालू लागले, तेव्हा त्याने पाटी मागवली आणि त्यावर 'योहान' असे लिहिले. आपल्याकडे पेण तालुक्यातल्या गागोद्याला १८९५ साली जन्मलेले विनोबा भावे यांनीही २५ डिसेंबर १९७४ रोजी, नेमक्या नाताळच्या दिवशी, एक वर्षाचे मौन धरले होते. पण विनोबांचे मौन त्यांनी स्वतः घेतलेले होते, आणि लेखणी त्यांच्या हाती होती. जखऱ्याकडे पाटी होती. वाचाघात झालेल्या माणसाकडे बहुधा पाटीही नसते. बोलणे जाते तसे लिहिणे-वाचणेही थोडेफार जाते. तेव्हा "बोलता येत नाही ना, मग लिहून द्या" असे म्हणून आपण कागद पुढे सरकवतो, आणि त्याला काही लिहिता आले नाही की "डोक्यावर परिणाम झालाय" असे बाहेर जाऊन सांगतो. कृपा करून हे वाक्य कोणाच्याही बाबतीत तोंडातून काढू नका.

आता अशा घराचे चित्र डोळ्यांसमोर आणा. समजा रोह्यातले घर आहे. मुलगा धाटावच्या एमआयडीसीत तीन पाळ्यांत काम करतो. सून सकाळी शाळेचे डबे करते. घरातला कर्ता माणूस, ज्याच्या एका शब्दावर सगळे चालायचे, तो खाटेवर बसून आहे आणि एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणतो आहे. पहिल्या महिन्यात सगळी वाडी येऊन गेली. केळी आली, सफरचंदे आली, नारळपाणी आले. दुसऱ्या महिन्यात निम्मी माणसे आली. चौथ्या महिन्यात दारावर थाप पडत नाही. कोणी दुष्ट आहे म्हणून नव्हे. येऊन बोलायचे काय, हा प्रश्न पडतो म्हणून. समोरचा उत्तर देत नाही, आपल्याला अवघडल्यासारखे होते, आणि मग मागच्या गल्लीने जाणे सोपे वाटते. इकडे बायकोचे काम मात्र चोवीस तासांचे झालेले असते. ती त्याची नर्स, त्याची दुभाषी, त्याची कारकून. त्याला काय हवे ते ओळखण्यात ती चुकली तर तो रागावतो, ओळखले तर कोणी शाबासकी देत नाही. आयुष्यभर ज्याला तिने 'अहो' म्हटले, त्याच्या वतीने आता तिला बोलायचे आहे, बँकेत सही कुठे करायची ते विचारायचे आहे, भावकीत ठाम राहायचे आहे. असे घर आतून हळूहळू बंद होत जाते.

या घरात आपण काय घेऊन जातो? कित्येकदा सल्ले. मी इथे थोडे स्पष्ट बोलणार आहे. कोणी म्हणतो बाहेरची बाधा आहे, अमक्या भगताकडे न्या. तो मार्ग ख्रिस्ती माणसाचा नाही आणि त्यात जो वेळ जातो तो परत मिळत नाही. दुसरा म्हणतो, अमुक ठिकाणी रिट्रीट आहे, तिथे मुके बोलू लागतात. प्रार्थनेला जाण्यात वावगे काहीच नाही. प्रार्थना केलीच पाहिजे. पण तिथून परत आल्यावर शब्द फुटले नाहीत तर "तुमचा विश्वास कमी पडला" असे त्या थकलेल्या बाईला सांगणारे लोक आहेत. हे बोलणे येशूचे नाही. योहानच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात शिष्यांनी जन्मांध माणसाकडे बोट दाखवून विचारले, पाप कोणाचे, याचे की आईबापांचे? प्रभूने दोन्ही नाकारले. जखऱ्याची वाचा अविश्वासामुळे गेली असे लूक सांगतात हे खरे. पण ती एका माणसाची एका वेळची गोष्ट आहे, शेजाऱ्याच्या आजाराला लावायचे ते माप नव्हे. लकव्याला कारणे असतात. वाढलेला रक्तदाब, साखर, तंबाखू, हृदयाचे अनियमित ठोके. आणि एक गोष्ट सर्वांनी लक्षात ठेवावी. तोंड वाकडे होणे, एक हात खाली पडणे, बोबडी वळणे, यातले काहीही अचानक दिसले तर तेल चोळत बसू नका, १०८ ला फोन करा. मेंदूतली गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते आणि त्याआधी स्कॅन व्हावा लागतो. आपल्या भागातून मोठ्या इस्पितळापर्यंत जायलाच त्यातले बरेच तास जातात.

पुन्हा मार्ककडे वळू या. येशूने पहिली गोष्ट कोणती केली? बरे करण्याआधी त्याने त्या माणसाला गर्दीतून बाजूला घेतले. मग त्याच्या कानांत बोटे घातली, जिभेला स्पर्श केला, आकाशाकडे दृष्टी लावली. त्याला शब्द ऐकू येत नव्हते म्हणून प्रभू त्याच्याशी बोटांनी, स्पर्शाने आणि नजरेने बोलला. काय करणार आहे ते त्याला कळेल अशा भाषेत आधी सांगितले. मग उसासा टाकला आणि एकच शब्द उच्चारला, 'इप्फाथा', मोकळा हो. वाचा-उपचार करणारे तज्ज्ञ आज घरच्यांना जे शिकवतात ते यापेक्षा फार वेगळे नाही.

गर्दीतून बाजूला घ्या, म्हणजे टीव्ही बंद करा. चारजण एकदम बोलू नका. त्याच्यासमोर, त्याच्या नजरेच्या पातळीवर बसा. ओरडू नका, त्याला ऐकू येते. लहान वाक्ये बोला, पण लहान मुलाशी बोलतात तसे बोलू नका. प्रश्न विचारला की थांबा. मनातल्या मनात दहापर्यंत मोजा. आपल्याला ते फार लांब वाटते, त्याला ते कमीच पडते. "चहा की कॉफी?" असे दोन्ही कप दाखवून विचारा. कॅलेंडर, नातेवाइकांचे फोटो, एक वही आणि जाड पेन जवळ ठेवा. एखादा मुख्य शब्द मोठ्या अक्षरात लिहून दाखवला तर काहींना तो पटकन लागतो. 'हो' आणि 'नाही' यांची अदलाबदल होते, म्हणून मान हलवून किंवा अंगठा वर-खाली करून खात्री करून घ्या. समजले नाही तर समजल्याचे नाटक करू नका, ते त्याच्या लक्षात येते. पाहुण्यांसमोर "हे काय आहे सांगा, हे काय आहे सांगा" अशी परीक्षा तर मुळीच घेऊ नका. पेन्शनीत निघालेल्या मास्तरला सर्वांदेखत 'चमचा' म्हणायला लावणे हा उपचार नव्हे, अपमान आहे.

कॅनडात टोरोंटो येथे पॅट अराटो नावाच्या बाईंच्या नवऱ्याला असाच आजार झाला. इस्पितळातून घरी आल्यावर पुढे काहीच सोय नाही हे पाहून त्यांनी १९७९ साली स्वयंसेवकांना घेऊन एक केंद्र सुरू केले. तिथे पुढे ऑरा केगन यांनी घरच्यांना आणि स्वयंसेवकांना संभाषणाचे रीतसर प्रशिक्षण देण्याची पद्धत बसवली. त्या पद्धतीत एक वाक्य मुद्दाम म्हणायला शिकवतात: तुम्हाला ठाऊक आहे, हे मला ठाऊक आहे. शब्द सापडत नसलेल्या माणसाला हे एकदा सांगून पाहा. त्याच्या चेहऱ्यावरचा ताण किती उतरतो ते दिसेल.

या आजाराचा इतिहास लिहिताना पॅरिसच्या बिसेत्र इस्पितळातल्या एका रुग्णाचे नाव सगळे घेतात. म्हणजे खरे तर नाव घेतच नाहीत. वयाच्या तिशीत त्याची वाचा गेली. पुढे एकवीस वर्षे तो तिथे होता आणि 'तां' एवढेच बोलू शकायचा, म्हणून सगळे त्याला 'तां'च म्हणत. १८६१ च्या एप्रिलमध्ये तो वारला. डॉक्टर पॉल ब्रोका यांनी त्याच्या मेंदूची तपासणी केली आणि भाषेची जागा डाव्या बाजूला कुठे असते हे जगाला समजले. त्याचे आडनाव लबोर्न. लुई व्हिक्टर हे त्याचे पूर्ण नाव २०१३ साली एका पोलिश अभ्यासकाने कागदपत्रांतून शोधून प्रसिद्ध केले. दीडशे वर्षे ज्ञानाच्या पुस्तकांत तो एका तुटक आवाजाच्या नावाने राहिला. आपल्याही आळीत 'तो मुका म्हातारा' अशी ओळख व्हायला सहा महिने पुरतात. त्याला पूर्वी ज्या नावाने हाक मारत होता त्याच नावाने मारा. त्याच्या समोर त्याच्याविषयी "यांना जेवण जातं का हो?" असे बायकोला विचारू नका, आधी त्यालाच विचारा.

या लबोर्नविषयी आणखी एक नोंद आहे. आपले म्हणणे लोकांना कळेना की तो चिडे आणि एक शिवी मात्र स्वच्छ उच्चारी. असे होते. रोजचे बोलणे जाते, पण पाठ झालेल्या, सवयीच्या गोष्टी मेंदूत जणू वेगळ्या कप्प्यात राहतात. आकडे, वार, गाणी, शिव्या आणि प्रार्थना. ज्या माणसाने जन्मात वाईट शब्द काढला नाही त्याच्या तोंडून पाहुण्यांसमोर शिवी गेली तर घरच्यांनी लाजून जाऊ नये, आणि पाहुण्यांनी ती घरी घेऊन जाऊ नये. त्याच कप्प्यात 'नमो मरिया'ही आहे. बायकोचे नाव न येणारा माणूस रोझरीत पुढची ओळ म्हणून जातो, नाताळचे जुने गीत सुरू झाले की शब्दांसह गातो, हे ज्या घरांनी अनुभवले आहे त्यांना तो चमत्कारच वाटतो. देवाची ती कृपा आहेच. फक्त दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक, "प्रार्थना येते मग बोलत का नाही? मुद्दाम करतो" असा निष्कर्ष काढू नये. पाठ असलेले म्हणणे आणि नवा शब्द जुळवणे ही मेंदूची वेगवेगळी कामे आहेत. दुसरी, ही दारे उघडी आहेत तर त्यांचा उपयोग करावा. १९७३ साली अमेरिकेत बोस्टनच्या तज्ज्ञांनी सुरावर साधी वाक्ये म्हणवून घेण्याची उपचारपद्धत मांडली, ती याच निरीक्षणावर. तेव्हा अशा घरी रोझरीला जमलात तर जरा सावकाश म्हणा. आपण रोझरी म्हणतो की आगगाडी हाकतो, असा प्रश्न कधीकधी पडतो! अर्ध्या ओळीवर थांबा, उरलेली त्याला म्हणू द्या. आली तर आली. नाही आली तर संत पौलने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या आठव्या अध्यायात सांगितलेच आहे, की आपल्याला नीट प्रार्थना करता येत नाही तेव्हा पवित्र आत्मा शब्दांवाचूनच्या कण्हण्याने आपल्यासाठी मध्यस्थी करतो.

आता उपचारांविषयी. पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सुधारणा वेगाने होते, म्हणून "आधी चालायला लागू दे, बोलण्याचे मग बघू" असे म्हणू नये. आणि सहा महिन्यांनंतर सगळे संपले असेही नव्हे; सावकाश सुधारणा पुढे वर्षानुवर्षे होत राहते. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग यांच्या नावाची केंद्र सरकारची वाचा व श्रवण संस्था १९८३ पासून आहे. माउंट मेरीच्या जत्रेला आपण दर सप्टेंबरात जातो, तिथून ती लांब नाही. नायर इस्पितळातही वाचा-उपचाराचा विभाग आहे. पण रोह्याहून दिव्याची गाडी, दिव्याहून दादर, तिथून वांद्रे, आणि बरोबर उजवी बाजू लुळी असलेला माणूस. एका तासाच्या उपचारासाठी अख्खा दिवस जातो. मुलाची हजेरी बुडते. म्हणून दोन खेपांनंतर घरचे थांबतात आणि आपण म्हणतो, "त्यांनी नीट उपचार केला नाही." यावर उपाय आपल्या हातात आहे. बरोबर जायला एक माणूस द्या. पेणपर्यंत किंवा पनवेलपर्यंत कोणाची गाडी जात असेल तर सांगा. कोरोनानंतर पुष्कळ तज्ज्ञ मोबाइलवर व्हिडिओ लावूनही उपचार देतात. पहिली तपासणी समोर होऊन पुढचे काही तास तसे घेता येतील का, हे त्यांना विचारता येते. घरातल्या आजीला तो फोन लावून देणे, पलीकडची सूचना समजावणे, वहीत लिहिलेला सराव रोज अर्धा तास करून घेणे, हे काम आपल्या कॉलेजच्या मुलामुलींना सहज जमेल.

एक बारीक गोष्ट. तज्ज्ञाला सांगा की हा माणूस घरी कोणती भाषा बोलत होता. आपल्या धर्मग्रामात आगरी-कोळी बोली बोलणारे आहेत, कामधंद्यानिमित्त आलेली कोकणी आणि मल्याळम घरे आहेत; आपल्याच जिल्ह्यातल्या कोर्लईत आपले ख्रिस्ती बांधव पोर्तुगीजमधून आलेली स्वतःची वेगळी बोली आजही बोलतात. दोन-तीन भाषा येणाऱ्याची एखादी भाषा आधी परत येते, दुसरी मागे राहते. आईच्या बोलीत जे शब्द येतील ते येऊ द्यावेत. "शुद्ध बोला" म्हणून त्याला दुरुस्त करू नये.

सरकारी कागदांविषयीही सांगतो, कारण हे घरच्यांना कोणी सांगत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकारची अपंगत्वे दिली आहेत. त्यांत वाचा व भाषेच्या अपंगत्वाच्या व्याख्येत वाचाघाताचे नाव स्पष्ट घातलेले आहे. म्हणजे हातापायाबरोबर भाषेचीही तपासणी करून प्रमाणपत्र मागण्याचा हक्क आहे. बहुतेक सवलतींसाठी चाळीस टक्के अपंगत्व लागते. बँकेत सही जुळत नाही म्हणून पैसे अडले तर घाबरू नका. आजारी खातेदाराचा अंगठा दोन साक्षीदारांसमोर, त्यांत एक बँकेचा जबाबदार अधिकारी, असा घेण्याची तरतूद रिझर्व्ह बँकेने केलेली आहे. शाखेत शांतपणे हे सांगायला बाईमाणसाबरोबर आपल्यातला बँकेत नोकरी केलेला एखादा गेला, तर तो तिच्यासाठी अहरोन ठरेल. मोशेने देवाला सांगितले की मी जड जिभेचा आहे, तेव्हा देवाने त्याची जीभ हलकी केली नाही; त्याच्या भावाला त्याचे तोंड करून दिले. पण लक्षात घ्या, अहरोन बोलत होता ते मोशेचे म्हणणे. जमिनीच्या कागदावर आजारी भावाचा अंगठा घाईघाईने उमटवून घेणारा अहरोन नव्हे. अशी प्रकरणे होतात, म्हणून हे वाक्य घातले आहे.

आणि त्या बाईचे काय? किंवा नवऱ्याचे, मुलीचे, जो कोणी सांभाळतो त्याचे? त्यांना विचारले तर उत्तर ठरलेले, "काही नको फादर, प्रार्थना करा." म्हणून विचारू नका, सांगून टाका: गुरुवारी तीन ते पाच मी येऊन यांच्याजवळ बसतो, तुम्ही बाजार करा किंवा झोपा. ती झोपली तर बरे. आजाऱ्याचा जुना मित्र असेल तर त्याने पत्ते घेऊन जावे, कॅरम घेऊन जावा, भिंतीपलीकडची क्रिकेटची मॅच दोघांनी बघावी. खेळाला भाषा कमी लागते. ईयोबाचे मित्र पहिले सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसून होते, तेवढेच त्यांचे चांगले काम. तोंड उघडले आणि बिघडले. आजारी माणूस वारंवार रडत असेल, जेवण सोडत असेल, तर डॉक्टरांना सांगावे. लकव्यानंतर उदासीचा आजार पुष्कळांना होतो आणि त्यावर औषध आहे. सांभाळणाऱ्यालाही तो होतो.

स्वीडनचे कवी टोमास ट्रान्सट्रोमर यांना १९९० साली लकवा झाला. उजवी बाजू गेली, बोलणे जवळजवळ गेले. त्यानंतर एकवीस वर्षांनी, २०११ साली, त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. या सगळ्या वर्षांत त्यांच्या तुटक शब्दांचा अर्थ जगाला समजावून देणारी त्यांची पत्नी मोनिका होती, आणि ते स्वतः डाव्या हाताने पियानो वाजवत असत. सगळ्यांना नोबेल मिळत नाही. पण डावा हात सगळ्यांकडे असतो. एखादा म्हातारा डाव्या हाताने भाजी निवडतो, मेणबत्त्या लावतो, नातवाला जवळ घेतो. त्याला काम द्या. मिस्सानंतर बुलेटिनच्या घड्या घालायलाही हात लागतात.

संस्कारांविषयी काही शंका असतात त्या इथेच मिटवतो. बोलता येत नाही म्हणून पापनिवेदन थांबत नाही. मानेने, खुणेने, धर्मगुरूने विचारलेल्या प्रश्नांना हो-नाही म्हणून ते होते. हवे असल्यास दुभाषी घेण्याची मुभा ख्रिस्तसभेच्या कायद्यातील कलम ९९० देते, आणि त्या दुभाष्यावरही गुप्ततेचे बंधन असते. पण कोणाला बायकोसमोर पापे सांगायची नसतील. म्हणून आम्ही आधी घरच्यांना बाहेर बसायला सांगतो, त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. ख्रिस्तशरीर स्वीकारताना 'आमेन' निघाले नाही तरी चालते. लकव्यानंतर गिळायला त्रास असेल तर आधी सांगा, अगदी छोटा तुकडा देता येतो. तोही गिळता येत नसेल तर केवळ द्राक्षारसाच्या रूपात देण्याची परवानगी आहे. रुग्णाभ्यंग हा मरणाच्या दारातला संस्कार नाही. फादर तेल घेऊन आले म्हणजे आता संपले, अशी भीती अजून काही घरांत आहे, आणि त्यामुळे आम्हाला बोलावणे उशिरा येते. गंभीर आजार सुरू झाला की बोलवा. आजार वाढला तर तो पुन्हाही घेता येतो.

रविवारच्या मिस्सालाही त्यांना आणावे. मागच्या दाराजवळचा डाव्या बाजूचा बाक अशा कुटुंबांसाठी मोकळा ठेवू, म्हणजे चाकाची खुर्ची लागेल आणि मध्येच बाहेर जावे लागले तर सोपे पडेल. मध्येच मोठ्याने आवाज निघाला तर कोणी वळून पाहू नये. शांतिवंदनाच्या वेळी त्यांचा उजवा हात पुढे येत नाही. तुम्ही डावा धरा. भाविकांच्या प्रार्थना वाचणाऱ्यांनी दर प्रार्थनेनंतर थोडे जास्त थांबावे. ज्यांना उत्तर द्यायला वेळ लागतो त्यांनाही आपल्याबरोबर म्हणता येईल.

ज्यांच्या घरी किंवा शेजारी असा आजारी आहे त्यांनी मिस्सानंतर सॅक्रिस्टीत येऊन सांगावे. पेण आणि रोहा अशा दोन वेगळ्या याद्या करत आहोत, म्हणजे जवळच्या माणसाला जवळचे घर मिळेल. सोबत बसायला, गाडीने सोडायला किंवा बँकेत जायला जे तयार आहेत त्यांनीही नाव द्यावे आणि आठवड्यातला कोणता वार, किती ते किती, हे लिहून द्यावे. आजाऱ्याला स्वतःला काही कळवायचे असेल तर त्याला फोन करायला लावू नका. फोनवर चेहरा दिसत नाही, खूण दिसत नाही, वाचाघात झालेल्याला फोन सर्वांत अवघड जातो. निरोप पाठवा, आम्ही घरी येतो.